वामन नावाचं शेवटचं कडवं

वारंगा फाट्यावर नांदेडचा, हिंगोलीचा आणि हदगाव-उमरखेडवरून नागपूरकडे जाणारा असे तीन रस्ते मिळतात. खिचडी खायला गाड्या थांबतात. चौदा एप्रिलच्या, म्हणजे आंबेडकर जयंतीच्या आगेमागे इथं उतरलात तर खिचडीबरोबर बाबासाहेबांवरची भीमगीतंही येणारच. त्यातलं एखादं कुणाचं, असं विचारायची गरज नसते. शेवटच्या कडव्यापर्यंत थांबायचं, कवी आपलं नाव स्वतःच सांगतो: वामन.

हे वामनदादा कर्डक. जन्म 15 ऑगस्ट 1922, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. शाळा नाही. मुंबईत शिवडीच्या बीडीडी चाळीत राहताना कुणीतरी पत्र वाचायला दिलं आणि ते वाचता येईना. मग देहलवी नावाच्या मास्तरांकडून बाराखडी गिरवली. जोडाक्षरं शिकवली ती दुकानांच्या पाट्यांनी. पहिलं गाणं 3 मे 1943 चं: एका हिंदी सिनेगीतावरचं विडंबन. चाल उसनी, विषय हसवणारा. पुढं आंबेडकरी चळवळीचा मोठा कवी होणाऱ्या माणसाची ही सुरुवात जरा अवघड वाटते खरी, पण मला तिच्यातच खरी गोम दिसते. लोकांना आधीच पाठ असलेल्या चालीवर शब्द बसवले की गाणं शिकवावं लागत नाही.

ही वाट तयार होती. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशांनी 1930 च्या दशकातच गावोगाव माणसं जमवली होती. वामनदादांनी ती परंपरा उचलली आणि ते आयुष्यभर हिंडत राहिले.

त्या काळात गाणं मोठं व्हायचं म्हणजे तबकडी निघायची. 78 आरपीएमच्या तबकडीत एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. भीमगीत तेवढ्यात संपत नाही. गायक कडवं घोळवतो, मध्येच शेर टाकतो, कोरस उचलतो, श्रोत्यांतून पाच रुपयाची नोट येते आणि देणाऱ्याचं नाव घेऊन गाडी पुन्हा धृपदावर येते. हे कुठल्या तबकडीत बसवणार? म्हणून त्याचा प्रसार वेगळ्या मार्गानं झाला. गायन पार्टीतल्या पोरानं रात्री ऐकलं, सकाळी वहीत उतरवलं, वर लिहिलं ‘चाल :’ आणि पुढे सिनेमातल्या गाण्याचं नाव. बस्स, स्वरलिपी नको, करारही नको. पेटी-ढोलकी असली की पुढच्या गावात तेच गाणं. दीक्षाभूमी-चैत्यभूमीवर हलक्या कागदाच्या गीतपुस्तिका मिळतात, त्यांतही ‘चाल’ची ही ओळ हमखास असते.

यश मात्र सावकाश आलं. पहिलं गाणं 1943 चं आणि पहिला संग्रह ‘वाटचाल’ 1973 चा: मध्ये तीस वर्षं. मग 1976 ला ‘मोहळ’. तोवर गाणी वामनदादांच्या कितीतरी पुढं निघून गेली होती. त्यानंतर कॅसेट आली. एका बाजूला अर्धा तास, म्हणजे गायकाला ऐसपैस जागा. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, आनंद शिंदे अशा आवाजांनी भीमगीतं घराघरांत नेली आणि वस्तीतल्या टेपवर, ट्रकच्या केबिनमध्ये वामन ऐकू येऊ लागला. मराठवाड्यात तर ही गाणी नुसती करमणूक नव्हतीच. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्यासाठी, नामांतरासाठी, 1978 पासून 14 जानेवारी 1994 पर्यंत लढा चालला. अशा लढ्यात भाषण विसरलं जातं, गाणं घरी जाऊन पुन्हा म्हणता येतं.

1993 ला वर्ध्याच्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद ज्यांना मिळालं ते हेच, दुकानाच्या पाट्या वाचणारे वामनदादा. 15 मे 2004 रोजी ते गेले. गाणी दहा हजारांवर असल्याचं सांगतात. आकडा सोडा, खूप होती.

या सगळ्यात तबकडी कंपनीचं काम शेवटच्या कडव्यातल्या ‘वामन’ या नाममुद्रेनं केलं. तबकडीवर छापलेलं नाव कागदावर राहतं, कडव्यातलं नाव गायकाला म्हणावंच लागतं. गाळलं तर यमक मोडतं. आता डीजेवर मात्र धृपद आणि पहिलं कडवं तेवढं फिरत राहतं. चार मिनिटांच्या रिमिक्सला शेवट नको असतो. म्हणजे कात्री नेमकी तिथं लागते जिथं वामन आहे, आणि गाण्याखाली नाव पडतं ते ज्यानं बीट बसवली त्याचं.