यवतेश्वरचा उतार

वर्ध्यात धावायला शिकलेल्याच्या लेखी चढ म्हणजे उड्डाणपूल, फार तर हनुमान टेकडी. सेवाग्रामला जा की पवनारला, रस्ता बहुतेक सपाटच. एकदा वेग धरला की तोच शेवटपर्यंत नेता येतो. सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये हा हिशेब पहिल्या काही किलोमीटरांतच मोडतो.

२०१२ साली सुरू झालेली ही शर्यत सातारा रनर्स फाउंडेशन भरवते. त्याच वर्षी कासच्या पठारासह पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत गेला आणि शर्यतीची वाटही त्याच कासच्या रस्त्याने जाते. २०१५ साली एकाच डोंगरावरच्या शर्यतीत २,६१८ जण धावले म्हणून गिनेस बुकातही नोंद झाली. विक्रमाचं कौतुक आहेच, पण मला जास्त नवल वाटतं ते वाटेचं.

अंतर नेहमीचंच, २१ किलोमीटर ९७ मीटर. जायचं आणि त्याच रस्त्याने परत यायचं. सुरुवात शहरातून. दुतर्फा लोक उभे, टाळ्या, आरडाओरडा. त्या भरात पाय आपोआप सुटतात, आणि रस्ता समर्थ मंदिराकडे हळूहळू वर चढतोय हे ध्यानातही येत नाही. मंदिर मागे पडलं की यवतेश्वरचा घाट. इथे घड्याळाकडे पाहू नये. वळणामागून वळण येतं, पावलं आखूड होतात, दम वाढतो; कितीतरी जण सरळ चालायला लागतात, त्यात कमीपणा काही नाही. सप्टेंबर असल्याने डोंगर हिरवागार, कधी धुकं, कधी सर. धुकं नसेल तर खाली शहर आणि पलीकडे अजिंक्यतारा किल्ला. यवतेश्वर गाव ओलांडल्यावर पठारावरचा रस्ता थोडा सैल होतो आणि मग परतीचं वळण येतं. तळापासून इथवर उंची वाढते ती साधारण चारशे मीटर.

तुलनेसाठी स्वीडनमधली वासालोपेट घ्या; ही बर्फावर स्की लावून धावायची नव्वद किलोमीटरची शर्यत. १९२२ पासून चालत आलेली. तिच्यातली मोठी चढण पहिल्या तीन किलोमीटरांतच असते. हजारोंची गर्दी तिथे तुंबते, पण पाय ताजे असतात. साताऱ्यात खरी परीक्षा उत्तरार्धात, आणि तीही उताराची.

उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार रोखून धरत असतो. प्रत्येक पावलाला ब्रेक. दम अजिबात लागत नाही, म्हणून माणूस चेकाळतो आणि वर गमावलेली मिनिटं वसूल करायला निघतो. घाट संपून शहर लागतं तेव्हा मांड्या दगड झालेल्या असतात, आणि शेवट अजून पुढे असतो. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं ते चढामुळे नव्हे.

सपाटीवरच्या धावपटूची गोची इथेच आहे. चढाचा सराव तो जिन्यावर करू शकतो, पुलावर करू शकतो. सलग इतके किलोमीटर उताराचा रस्ता मात्र वर्धा शहराच्या आसपास सापडत नाही. तेव्हा टेकडीवर जाणाऱ्याने वर चालत जावं आणि धावावं ते खाली येताना, आखूड पावलांनी, गुडघे किंचित वाकवून. असं काही आठवडे आधीपासून केलं की स्नायूंना त्या ब्रेकची सवय लागते.