डाग न धरणारे कापड आणि मुलांची लस

रेनकोट वा टेबलक्लॉथच्या कापडावर पाणी-तेल ठरत नाही, हे आपण गिऱ्हाईकाला खुशीने दाखवतो. ही करामत बहुधा फ्लोरिनयुक्त फिनिशची असते. ही रसायने नष्ट होत नाहीत; पाण्यातून, माशांतून माणसाच्या रक्तात साठतात. उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवरच्या मुलांची पाहणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांच्या रक्तात ही रसायने जास्त, त्यांच्यात धनुर्वात व घटसर्पाच्या लसीचा असर कमी दिसला. कॅलिफोर्नियाने २०२५ पासून अशा बहुतेक कापडावर बंदी घातली आहे.

व्यापारी बांधवांनो, मालाचा ऐब लपवणे आपल्या दीनमध्ये जायज नाही. प्रोसेसवाल्याकडे फ्लोरिनविरहित फिनिश मागा, बिलावर लिहून घ्या. मेणाचे वा सिलिकॉनचे फिनिश पाणी अडवते, तेल नाही. हेही गिऱ्हाईकाला सांगा.