आबिद सुरती

आबिद सुरती (जन्म : ५ मे १९३५) हे गुजराती व हिंदी भाषांत लेखन करणारे भारतीय कादंबरीकार, कथाकार, व्यंगचित्रकार, चित्रकार आणि चित्रकथालेखक आहेत. 'धर्मयुग' या हिंदी साप्ताहिकातील 'ढब्बूजी' ही हास्यचित्रमालिका आणि इंद्रजाल कॉमिक्समधील 'बहादूर' हा नायक या त्यांच्या सर्वाधिक परिचित निर्मिती होत. मुंबईलगतच्या मीरा रोड येथे त्यांनी चालवलेल्या पाणीबचतीच्या उपक्रमासाठीही ते ओळखले जातात.

प्रारंभिक जीवन

सुरती यांचा जन्म गुजरातमधील राजुलाजवळच्या वावेरा या गावी एका मुस्लिम कुटुंबात झाला. बालपणीचा काही काळ सुरतेत गेल्यावर त्यांचे कुटुंब मुंबईत आले. डोंगरी भागातील दाटीवाटीच्या वस्तीत, आर्थिक ओढग्रस्तीत ते वाढले. पाण्यासाठी पहाटेपासून लागणाऱ्या रांगा आणि त्यावरून होणारी भांडणे त्यांनी लहानपणी पाहिली. पुढील आयुष्यातील जलकार्याचे मूळ ते या अनुभवांत असल्याचे सांगतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परदेशी सैनिकांकडून मुलांच्या हाती आलेल्या चित्रकथांच्या पानांवरून त्यांना चित्रे काढण्याचा नाद लागला. मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात त्यांनी कलेचे शिक्षण घेतले.

चित्रकथा

'ढब्बूजी' ही मालिका टाइम्स समूहाच्या 'धर्मयुग' साप्ताहिकात दीर्घकाळ प्रसिद्ध होत होती. धर्मवीर भारती हे तेव्हा त्याचे संपादक होते. ठेंगण्या बांध्याचा, पायघोळ झगा घालणारा ढब्बूजी हा सामान्य माणसाच्या फजितीचा आणि हजरजबाबीपणाचा प्रतिनिधी ठरला. ओशो यांच्या हिंदी प्रवचनांतील विनोदांतही हे पात्र वारंवार आढळते.

इंद्रजाल कॉमिक्सची सुरुवात १९६४ साली झाली. इंग्रजी व हिंदीप्रमाणे मराठीसह इतर भारतीय भाषांतही तिचे अंक निघत. फँटम (वेताळ) आणि मँड्रेक या परदेशी नायकांचे त्यांत प्राबल्य होते. १९७६ साली सुरतींनी 'बहादूर' हा भारतीय मातीतला नायक निर्माण केला. त्याची चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांनी रेखाटली. बहादूर हा पोलिसांच्या गोळीने मारल्या गेलेल्या डाकूचा मुलगा. सूडाच्या वाटेने निघालेल्या या तरुणाला वडिलांचे खरे रूप कळते आणि तो डाकूंविरुद्ध उभा राहतो. त्यासाठी तो गावकऱ्यांना संघटित करून नागरिक सुरक्षा दल स्थापन करतो. कुर्ता आणि जीन्स असा त्याचा वेष असून त्याच्याजवळ अलौकिक शक्ती नाही. बेला ही त्याची सहकारी केवळ नायिका म्हणून वावरत नाही, तर स्वतः लढते. बहादूरच्या नंतरच्या अनेक कथा जगजित उप्पल यांनी लिहिल्या. १९९० साली इंद्रजाल कॉमिक्स बंद पडली.

साहित्य

चित्रकथांच्या लोकप्रियतेमुळे सुरतींचे गंभीर लेखन काहीसे झाकोळले गेले. त्यांची पहिली गुजराती कादंबरी १९६५ साली प्रकाशित झाली. 'काली किताब' ही त्यांची उपरोधप्रधान कृती विशेष चर्चिली गेली. 'मुसलमान' या आत्मचरित्रात्मक कादंबरीत त्यांनी स्वतःच्या जीवनाशेजारी इक्बाल रूपानी या तस्कराचे जीवन मांडले आहे. दोघेही डोंगरीत वाढले. एक लेखणी-कुंचल्याकडे वळला आणि दुसरा गुन्हेगारी जगाकडे. सारख्या परिस्थितीतून दोन भिन्न वाटा कशा फुटतात, हा या कादंबरीचा गाभा आहे. ती 'सूफी' या नावाने इंग्रजीतही प्रसिद्ध झाली.

ड्रॉप डेड फाउंडेशन

२००७ साली सुरतींनी 'ड्रॉप डेड फाउंडेशन' ही संस्था सुरू केली. उत्तर प्रदेशातील हिंदी साहित्य संस्थेकडून पुरस्कारादाखल मिळालेले एक लाख रुपये त्यांनी या कामासाठी वापरले. दर रविवारी एक प्लंबर आणि एक स्वयंसेविका यांना सोबत घेऊन ते मीरा रोडच्या गृहसंकुलांत घरोघरी जात आणि गळके नळ विनामूल्य दुरुस्त करून देत. बहुतेक वेळा झिजलेला रबरी वॉशर बदलणे पुरेसे होई. परंतु एवढ्याशा कामासाठी प्लंबर येण्यास तयार नसतो आणि रहिवासीही गळतीकडे दुर्लक्ष करतात, असे त्यांच्या लक्षात आले होते. दर सेकंदाला एक थेंब या वेगाने गळणाऱ्या नळातून महिन्याला सुमारे एक हजार लिटर पाणी वाया जाते, असा त्यांचा हिशेब होता. पहिल्या वर्षी त्यांनी १,६६६ घरांना भेटी दिल्या आणि ४१४ नळ दुरुस्त केले.

पुरस्कार

'तीसरी आँख' या कथासंग्रहासाठी सुरती यांना १९९३ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.