गुलामगिरीतून सुटून गिरगावात

खोताच्या वाडीतली जुनी घरं पाहायला येणाऱ्यांनी मुंबईतल्या गिरगावचा हा इतिहासही जाणून घ्यावा.

■ कोण आले? चुमा आणि विकतानी. १८६१ साली प्रवासी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या तुकडीने आफ्रिकेत गुलामांच्या तांड्यातून सोडवलेली ही मुलं १८६४मध्ये त्याच्याबरोबर बोटीने मुंबईला आली.

■ आसरा कुठे? डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशन शाळेत. विल्सन यांनी १८३२ साली गिरगावात, अंबरोलीला सुरू केलेल्या शाळेचंच पुढे विल्सन कॉलेज झालं.

■ नाशिकशी नातं? गुलामांच्या गलबतांवरून ब्रिटिश आरमाराने सोडवलेल्या अनेक मुलांना नाशिकजवळच्या शरणपूरला आश्रय मिळाला. तिथे ती लिहा-वाचायला आणि सुतारकाम, लोहारकाम शिकत. जेकब वेनराइट तिथलाच विद्यार्थी.

■ पुढे काय झालं? १८७३ साली लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारला. तिथल्या मोहिमेत त्याच्यासोबत असलेल्या चुमा, सेवक सुसी, वेनराइट आणि इतर सोबत्यांनी त्याचा देह उन्हात वाळवून, झाडाच्या सालीत गुंडाळून, महिनोन्‌महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेला. लिव्हिंगस्टन वारला तिथल्या झाडावर मृत्यूची नोंद कोरली ती वेनराइटने.

■ काय पाहाल? गिरगावातलं अंबरोली चर्च. तिथे लिव्हिंगस्टनइतक्याच आदराने चुमा आणि वेनराइट यांचीही नावं घ्यावीत.