फताड्या पायांस नीट बसणारी वहाण

शेतकऱ्याच्या अवजारांची गणती करतांना नांगर, कुळव, विळा, कोयता यांचीं नांवें सहज ओठांवर येतात. परंतु हीं सर्व अवजारें ज्याच्या आधारावर चालतात तें त्याचें पाऊल मात्र कोणी गणतींत धरीत नाहीं. बैलाची नाल पडली तर आपण त्याच दिवशीं नालबंदास बोलावणें पाठवितों. स्वतःच्या टाचेस भेग पडली, किंवा करंगळीवर कुरूप झालें, तर 'होईल बरें' असें म्हणून तसेंच चालत राहतों. ज्यांच्या पायांत बाजारचा जोडा बसत नाहीं अशा पायांस सोसेल अशी वहाण कशी निवडावी अगर करवून घ्यावी, याचा विचार आम्ही या लेखांत करणार आहों. विषय किरकोळ नाहीं. न बसणाऱ्या वहाणेनें पडलेल्या लहानशा जखमेपायीं पाऊल, आणि कित्येकदां पायच गमावण्याची पाळी येते.

कळंबोलीचा पाय

उदाहरणादाखल पनवेल तालुक्यांतील कळंबोली घेऊं. इ. स. १९७० मध्यें सिडको या महामंडळाची स्थापना झाली, आणि ठाणें व त्या वेळचा कुलाबा या दोन जिल्ह्यांतील ९५ गांवांच्या जमिनी नव्या शहराकरितां घेण्याचें ठरलें. त्यांत कळंबोलीचीं भातखाचरेंही गेलीं. आज तेथें लोखंड-पोलादाचा मोठा बाजार आहे. मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग तेथूनच सुरू होतो. जेथें गुडघाभर चिखलांत लावणी होत असे तेथें डांबर, कांक्रीट आणि फरशी आली. जमीन बदलली, पण त्या खाचरांत लहानपणापासून अनवाणी वाढलेला पाय बदलला नाहीं.

चिखलांत चालणारा पाय बोटें फांकवून जमीन धरतो. वर्षानुवर्षें तसेंच चालल्यानें पावलाचा पुढचा भाग रुंद होतो, बोटें एकमेकांपासून सुटीं राहतात आणि तळव्याची कातडी जाड होते. हा पाय बिघडलेला नव्हे. कामानें घडलेला आहे. इ. स. २००९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत बेल्जममधील संशोधकांनीं भारतांतील अनवाणी चालणारे लोक, पायतण वापरणारे भारतीय आणि युरोपांतील लोक यांचीं पाउलें ताडून पाहिलीं. अनवाणी चालणाऱ्यांचीं पाउलें अधिक रुंद असून शरीराचा भार त्यांच्या तळव्यावर अधिक सारखा वांटला जातो, असें त्यांस आढळलें. त्यापूर्वीं इ. स. १९९२ मध्यें मंगळूर येथील राव व जोसेफ यांनीं २,३०० मुलांचे पाय तपासले होते. जोडे वापरणाऱ्या मुलांपैकीं शेंकडा ८·६, तर न वापरणाऱ्यांपैकीं शेंकडा २·८ मुलांचे तळवे सपाट निघाले. तेव्हां आपल्या फताड्या पायाची लाज वाटण्याचें मुळींच कारण नाहीं.

मात्र तोच पाय जेव्हां दिवसभर कठीण फरशीवर चालतो तेव्हां अडचण उभी राहते. चिखल व ओली माती पायाखालीं दबते. कांक्रीट दबत नाहीं. प्रत्येक पावलाचा ठोका टाचेंत व गुडघ्यांत बसतो. म्हणून वहाण तर हवी. पण दुकानांतील जोडा पुढून अरुंद, आणि रुंदीस बसेल असा घ्यावा तर लांबीस दोन बोटें जास्त, असा पेंच पडतो.

बाजारचा जोडा कां बसत नाहीं

आपल्याकडे जोड्यांवर जो नंबर असतो तो बहुधा इंग्रजी पद्धतीचा, नाहीं तर युरोपांतील पद्धतीचा असतो. इंग्रजी नंबर एकानें वाढला म्हणजे लांबी एकतृतीयांश इंच वाढते; युरोपीय नंबर एकानें वाढला म्हणजे दोनतृतीयांश सेंटिमीटर. दोन्हींत मोजली जाते ती लांबीच. जोडा ज्या सांच्यावर बांधतात त्यास कलबूत म्हणतात. तें कलबूत ज्या लोकांच्या पायांवरून ठरविलें त्यांचे पाय आपल्याहून अरुंद. चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनें डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळांत देशभर सुमारें एक लाख लोकांचे पाय यंत्रानें मोजले, आणि भारतीयांचे पाय सामान्यतः अधिक रुंद असल्याचें आढळल्यावरून 'भा' नांवाची स्वतंत्र क्रमपद्धति सुचविली. अर्थात् जोडा चावतो याचा दोष पायाकडे नसून पुष्कळदां कलबुताकडे असतो.

माप कसें घ्यावें

माप घेण्याची वेळ सायंकाळची ठरवावी. दिवसभराच्या चालण्यानें पाय थोडा सुजतो. सकाळीं बरोबर बसलेला जोडा संध्याकाळीं दाटतो. जाड कागद भिंतीस टेकून जमिनीवर ठेवावा, टाच भिंतीस लावावी आणि दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभें राहावें. बसून घेतलेलें माप खोटें पडतें, कारण भार पडला म्हणजे पाऊल लांबीस व रुंदीस पसरतें. पेन्सिल उभी धरून दुसऱ्याकडून पावलाभोंवतीं रेघ काढवून घ्यावी; स्वतः वांकून काढूं नये. मग टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी, बोटांच्या मुळाशीं असलेली सर्वांत जास्त रुंदी, आणि त्याच ठिकाणीं दोरा गुंडाळून घेर, अशीं तीन मापें घ्यावीं. दोन्ही पायांचीं निरनिराळीं घ्यावीं. दोन पाय तंतोतंत सारखे क्वचितच असतात. जो मोठा त्याच्या मापानें जोडा घ्यावा आणि लहान पायाच्या जोड्यांत एक पातळ अस्तर घालावें.

तळव्याची घडण पाहण्यास आणखी एक सोपा उपाय आहे. पाय ओला करून कोरड्या फरशीवर ठेवावा. मधल्या भागासकट सगळा ठसा उमटला तर तळवा सपाट. टाच आणि चवडा यांमध्यें अगदीं बारीक रेघ उमटली, किंवा कांहींच उमटलें नाहीं, तर कमान उंच. सपाट तळवा दुखत नसेल तर त्याला कांहींएक करावयास नको. दुखत असेल तर मधल्या भागास आधार देणारें अस्तर उपयोगी पडतें. उंच कमानीच्या पायास टाच व चवडा यांखालीं मऊपणा अधिक लागतो, आणि वरून दाबणार नाहीं असा सैल पट्टा किंवा नाडी लागते.

जोडा पारखण्याच्या खुणा

दुकानांत नंबरावर विसंबूं नये. कागदावरचा पायाचा आंख कापून न्यावा आणि जोड्यांतील अस्तर काढून त्यावर ठेवून पाहावा; कागद अस्तराच्या बाहेर गेला तर तो जोडा आपला नव्हे. उभें राहून पाहिलें असतां सर्वांत लांब बोटापुढें सुमारें एक सेंटिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. बोटांवर जोड्याचें छत टेकतां कामा नये. टाच मात्र घट्ट बसावी. चालतांना ती उचलली जात असेल तर फोड आलाच म्हणून समजावें.

मग जोडा हातांत घेऊन वांकवावा. तो बोटांच्या मुळाशीं वांकला पाहिजे, कारण पाऊल तेथेंच वांकतें. मधोमध दुमडणारा जोडा चालणाऱ्यास आधार देत नाहीं. टाचेमागची भिंत अंगठ्यानें दाबून पाहावी. ती सहज चेपली जाऊं नये. ओलें धोतर पिळावें तसा जोडा पिळून पाहावा; तो सहज पिळला जात असेल तर परत द्यावा. 'वापरतां वापरतां सैल होईल' हें दुकानदाराचें म्हणणें लांबीच्या बाबतींत कधींच खरें होत नाहीं, आणि रुंदीच्या बाबतींत थोडेंच खरें होतें. अंगठ्याच्या मुळाशीं ज्यांचें हाड बाहेर आलें आहे त्यांनीं त्या जागीं शिवण नसलेला, मऊ वरभागाचा जोडा घ्यावा.

नवा जोडा पहिल्या दिवशीं तासभरच घालावा. काढल्यावर पायाकडे पाहावें. जेथें लाल वण दिसेल तेथें जोडा दाबतो. तो वण अर्ध्या तासांत गेला नाहीं तर जोडा बदलावा अगर दुरुस्त करवून घ्यावा.

कारागिराच्या हातची वहाण

ज्यास बाजारांत कांहींच बसत नाहीं त्यानें माप देऊन वहाण करवून घ्यावी. या बाबतींत महाराष्ट्र दरिद्री नाहीं. कोल्हापुरी चपलेस इ. स. २०१९ मध्यें भौगोलिक उपदर्शन मिळालें. त्यांत महाराष्ट्रांतील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकांतील बेळगांव, धारवाड, बागलकोट व विजापूर हे जिल्हे येतात. बाभळीची साल व हिरडा यांनीं कमावलेलें तिचें कातडें पायाच्या घामानें व उष्णतेनें हळूहळू पायाचा आकार घेतें. पुढून मोकळी असल्यानें फताड्या पायास ती सोयीची. परंतु तिचा तळ कठीण, मागें पट्टा नाहीं, आणि पावसांत कातडें फुगतें. म्हणून रोज फरशीवर चालणाऱ्यानें कारागिरास तीन गोष्टी मुद्दाम सांगाव्या: तळव्याखालीं मऊ रबराचा एक थर, टाचेमागें पट्टा, आणि वरच्या पट्ट्यास कमीजास्त करण्याची सोय. कागदावरचा आंख व घेराचा दोरा त्याच्या हातीं द्यावा. अशा मापीं कामास दोन दाम अधिक पडले तरी कुरकुर करूं नये.

बधिर पायाची गोष्ट निराळी

वहाण चावते हें ज्याला कळतें तो सुदैवी होय. मधुमेह पुष्कळ वर्षें अंगांत राहिला म्हणजे पायांतील संवेदना मंदावते. कुष्ठरोगानेंही तेंच होतें. मग खडा रुततो, खिळा लागतो, पट्टा घांसतो. पण कळत कांहींच नाहीं. वेल्लोर येथें इ. स. १९४६ पासून काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनीं हें पटवून दिलें कीं, कुष्ठरोग्याचें पाऊल आपोआप झडत नाहीं. न कळणाऱ्या इजा पुनःपुन्हां झाल्यानें तें नासतें. यावरूनच बारीक छिद्रांच्या मऊ रबराच्या, 'एम. सी. आर.' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या चपला पुढें आल्या. कुष्ठरोग निर्मूलनाच्या सरकारी कार्यक्रमांत अशा चपला रुग्णांस देण्यांत येतात. त्यांचें तत्त्व साधें आहे: आंत मऊ, बाहेर खिळाही शिरणार नाहीं असा कठीण तळ, मागें पट्टा, आणि कोठेंही खिळा अगर टोंचणारी शिवण नाहीं.

मधुमेह असलेल्या प्रत्येकानें घरच्या घरीं एक परीक्षा करावी. डोळे मिटून पडावें आणि घरांतील कोणीं तरी दोन्ही पायांच्या अंगठ्यास, मधल्या बोटास व करंगळीस टोंकाशीं बोटानें हलकेंच, एकदोन सेकंद स्पर्श करावा. या सहा स्पर्शांपैकीं दोन किंवा अधिक कळले नाहींत तर पाय बधिर होऊं लागला असें समजून वैद्यांस दाखवावें. अशा माणसानें अंगठ्याची चप्पल वापरूं नये, घरांतही अनवाणी फिरूं नये, जोडा घालण्यापूर्वीं तो झाडून आंत हात फिरवून पाहावा, आणि रोज रात्रीं तळवे आरशांत पाहावे. कुरूप ब्लेडनें कापूं नये. कढत पाण्यांत पाय बुडवूं नये.

कळंबोलीकरांस मदत दूर नाहीं. मुंबईस हाजी अली येथें इ. स. १९५५ पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. पायांस आधार देणारीं साधनें तेथें मिळतात. कुष्ठरोगाविषयीं पनवेलजवळ नेरें येथील शांतिवन या संस्थेचें काम सर्वांस ठाऊक आहे.

आणि पाय गेलाच तर? परदेशी घडणीच्या कृत्रिम पावलास जोडा घालावाच लागे. तें घालून चिखलांत उतरतां येत नसे, उकिडवें बसतां येत नसे. जयपूर येथील कारागीर रामचंद्र शर्मा व डॉ. प्रमोद करण सेठी यांनीं इ. स. १९६८ च्या सुमारास रबराचें जें पाऊल तयार केलें, तें अनवाणी चालण्याजोगें व पाण्यांत न बिघडणारें होतें. भातखाचरांत उतरणाऱ्यास त्याचें महत्त्व सांगावयास नको.

शेतांतील पाय

ज्यांचीं खाचरें अद्याप हातांत आहेत त्यांच्यासाठीं दोन शब्द. लावणीच्या चिखलांत जोडा टिकत नाहीं हें आम्ही जाणतों. परंतु बांधावर, गवतांत आणि काळोखांत रबरी गमबूट अवश्य घालावे. कोंकणांत फुरसें व घोणस यांचें भय पावलाजवळच असतें, आणि पायास जखम असतांना सांचलेल्या पाण्यांत उतरल्यानें लेप्टोचा ज्वर जडतो. शेतावरून आल्यावर पाय साबणानें धुवून बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्या, म्हणजे चिखल्या होत नाहींत. टाचांच्या भेगांस कोकमतेल लावण्याची आपली जुनी चाल चांगली आहे. तें बेचक्यांत मात्र लावूं नये.

बी निवडतांना आपण मूठभर दाणे हातांत घेऊन पारखतों; बैल घेतांना त्याचे खूर पाहतों. तीच पारख स्वतःच्या पायासाठीं वापरावी. या महिन्यांत एका सायंकाळीं घरांतील सर्व वडील मंडळींस कागदावर उभें करून त्यांच्या पावलांची रेघ काढावी, आणि ती त्यांच्या रोजच्या वहाणेवर ठेवून पाहावी. जेथें कागद वहाणेबाहेर जाईल तेथें दुखण्याचें मूळ आहे असें समजावें, आणि पुढच्या बाजाराच्या दिवशीं तो कागद खिशांत घालून मगच घराबाहेर पडावें.