सर्व्हर ‘कधी कधीच’ बंद पडतो? आधी वही काढा!



यवतमाळ, वणी, पुसद, दिग्रस, कुठंही विचारा. तक्रार एकच: “सर, बिलिंगचा प्रोग्राम मधातच बंद पडते. टेक्निशियन आला की मात्र झकास चालते!” मग तो विंडोज फॉरमॅट मारतो, पैसे घेतो, अन् चार दिवसांनी पुन्हा तेच.

हा फक्त वैताग नाही. बिल सेव्ह होताना प्रोग्राम बंद पडला तर डेटा फाईल खराब होऊ शकते, म्हणजे वर्षभराची उधारीच धोक्यात. म्हणून सगळ्यात आधी बॅकअप घ्या, अन् तो वेगळ्या ड्राईव्हवर ठेवा.

१. वहीत नोंद करा. तारीख, वेळ, कोणता काउंटर, कोणतं काम चालू होतं, लाईट गेली-आली का. आठ-दहा नोंदी झाल्या की गोष्ट दिसायला लागते. रोज ठरावीक वेळेला? त्या वेळी अँटिव्हायरस स्कॅन किंवा ऑटो बॅकअप सुरू होतो का बघा. एकच रिपोर्ट काढताना? डेटा फाईल तपासा. एकाच काउंटरवर? तो पीसी किंवा त्याची नेटवर्क वायर. काहीच मेळ नाही? मग रॅम, वीज अन् उष्णता.

२. इव्हेंट व्ह्यूअर उघडा. विंडोज स्वतःच नोंद ठेवतं. इव्हेंट १००० म्हणजे प्रोग्राम कोसळला. तिथं ‘फॉल्टिंग मॉड्यूल’चं नाव असतं. दर वेळी तेच नाव असेल तर संशय सॉफ्टवेअरवर. दर वेळी वेगळं असेल तर रात्री विंडोज मेमरी डायग्नोस्टिक लावा. ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसला तर मशीन नीट शटडाऊन न होताच बंद पडलं; यूपीएसची बॅटरी अन् पॉवर सप्लाय बघा. आपल्याकडचा मे महिना तर माहीतच आहे. धुळीनं भरलेला पंखा तिथं टिकत नाही.

३. एका वेळी एकच बदल. रॅम, केबल, अपडेट सगळं एकदम बदललं तर दोष कशात होता ते कधीच कळणार नाही.

दिसतं तसं नसतं, हे मोठ्या कंपन्यांनाही लागू आहे. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरवर गेम मधातच बंद पडायचे, अन् मेसेज यायचा ग्राफिक्सची मेमरी कमी असल्याचा! २०२४ मध्ये इंटेलनं मान्य केलं की प्रोसेसरला जास्त व्होल्टेज जात होतं. बायोस अपडेट आलं, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. पण आधीच बिघडलेला प्रोसेसर अपडेटनं दुरुस्त होत नाही. तुमच्याकडं असं मशीन असेल तर बिल शोधून ठेवा.

शेवटचं: दुरुस्त झालं हे कधी म्हणायचं? साधारण चार दिवसांनी बंद पडत असेल, तर दोन दिवस चाललं म्हणून खूश होऊ नका. तिप्पट, म्हणजे बारा दिवस थांबा. अन् २० तारखेच्या ३बीच्या घाईत हा प्रयोग करू नका, रिटर्न भरल्यावर करा.

तुमच्या वहीत काय नमुना दिसला, ते व्हिडिओखाली नक्की लिहा!