नेमबाजीसाठी पिस्तूल घ्यायचंय? पैसे मोजण्याआधी एवढं समजून घ्या

कोल्हापूर : राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात ब्राँझपदक जिंकलं आणि नेमबाजी हा शब्द वाड्या-वस्त्यांपर्यंत पोचला. त्याआधी कोल्हापूरच्याच राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण आणलं होतं. आता घरातलं पोरगं किंवा पोरगी 'मला पण शिकायचंय' म्हणते आणि वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, पिस्तूल केवढ्याला मिळतं?

इथेच गडबड होते. दुकानात किंमत विचारण्याआधी कुठलं पिस्तूल, कशासाठी आणि कुणाच्या नावावर, हे ठरावं लागतं. नाहीतर म्हैस विकून आणलेलं हत्यार स्पर्धेत चालतच नाही, असं व्हायचं.

दोन प्रकार, दोन कायदे

स्पर्धेत नवख्यांचा संबंध येतो तो दोन पिस्तुलांशी. पहिलं १० मीटरचं एअर पिस्तूल. यात दारूगोळा नसतो, दाबलेल्या हवेवर ४.५ मिलिमीटरचा छर्रा सुटतो. दुसरं २५ मीटरचं स्पोर्ट पिस्तूल. हे सेमी-ऑटोमॅटिक असतं आणि त्यात 'पॉइंट टू टू' म्हणजे ५.६ मिलिमीटरचं काडतूस लागतं.

सेमी-ऑटोमॅटिक म्हटलं की लोकांना सिनेमातली धडाधड गोळीबार करणारी बंदूक आठवते. तसं काही नाही. एकदा ट्रिगर ओढला की एकच गोळी सुटते. त्या झटक्याने मागचा भाग मागे सरकतो, रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं आणि मॅगझिनमधलं पुढचं काडतूस आपोआप नळीत चढतं. पुढच्या गोळीसाठी बोट पुन्हा ओढावंच लागतं. स्पर्धेत एका वेळी पाच गोळ्या भरतात. वेगाच्या फेरीत लक्ष्य फक्त ३ सेकंदांसाठी दिसतं, मग ७ सेकंदांची उसंत. त्या ३ सेकंदांत हात खालून वर आणून एक गोळी मारायची. हाताने काडतूस भरत बसायला वेळच नसतो, म्हणून सेमी-ऑटोमॅटिक लागतं.

कायद्याच्या नजरेत मात्र दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ४.५ मिलिमीटरपर्यंतची नळी आणि २० ज्यूलपर्यंतची ताकद असलेल्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही. पॉइंट टू टू हे अग्निशस्त्र आहे. आधी परवाना, मग खरेदी, हाच क्रम. सर्वसाधारणपणे २१ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय स्वतःच्या नावावर परवाना मिळत नाही. त्याहून लहान मुलांनी क्लबच्या रेंजवर, प्रशिक्षकाच्या नजरेखाली शिकायचं.

म्हणून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलासाठी थेट पॉइंट टू टूच्या मागे लागण्यात अर्थ नाही. मनू भाकरने पॅरिसमध्ये दोन ब्राँझ मिळवली ती दोन्ही १० मीटर एअर पिस्तुलातली, एक वैयक्तिक आणि एक सरबजोत सिंगसोबत. तीच खेळाडू २५ मीटरमध्येही चौथी आली. एकाच हातात पिस्तूल धरणं, श्वास सांभाळणं, बोट हलक्याने मागे घेणं हे एअर पिस्तुलावर बसलं की पुढे पॉइंट टू टूवरही कामाला येतं.

'अचूक' म्हणजे नेमकं किती?

दुकानदार सांगतो, "हे एकदम ॲक्युरेट आहे." त्याला मिलिमीटरमध्ये विचारावं.

२५ मीटरच्या संथ फेरीत दहा गुणांचं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं असतं. वेगाच्या फेरीच्या लक्ष्यावर ते १०० मिलिमीटर. पिस्तूल शिकंज्यात घट्ट आवळून पाच गोळ्या मारल्या आणि त्या ३० मिलिमीटरच्या घेऱ्यात बसल्या, तर ते पिस्तूल दहा मारण्याजोगं आहे. त्याहून बारीक घेऱ्यासाठी दुप्पट पैसे मोजायचे तर त्याचा उपयोग पहिल्या काही वर्षांत होत नाही, कारण नवख्याचा हातच त्याहून जास्त हलत असतो. एअर पिस्तुलात हिशेब जास्त कडक आहे. १० मीटरवर दहाचं वर्तुळ फक्त ११.५ मिलिमीटरचं असतं. तिथे नळी चांगलीच हवी, आणि शेतातली पाखरं हाकलायला विकतात ती स्प्रिंगची स्वस्त छर्ऱ्याची पिस्तुलं तिथे टिकत नाहीत. शिवाय त्यांचा धक्का छर्रा नळीत असतानाच बसतो, त्यामुळे पोराला चुकीची सवय लागते.

नळीपेक्षा जास्त गुण ट्रिगर घालवतो. एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचं वजन पेलला पाहिजे, २५ मीटरच्या पिस्तुलाचा किमान १००० ग्रॅमचं. स्पर्धेत खरोखरच वजन टांगून तपासतात. पेललं नाही तर ते पिस्तूल मैदानात नेता येत नाही. घेताना बघायचं ते असं की थोडा मोकळा प्रवास, मग एक ठाम अडथळा, आणि मग काच तुटावी तसा स्वच्छ सुटलेला ट्रिगर. खरखर लागत असेल, प्रत्येक वेळी वेगळ्या जागी सुटत असेल तर किंमत कितीही कमी असो, सोडून द्यावं. काही महागड्या पिस्तुलांत इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असतो. तो फार मऊ चालतो, पण बिघडला तर तालुक्याच्या गावी दुरुस्त करणारा कोण? २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या ऐन फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलाने दगा दिला आणि हातची मिनिटं गेली, ते देशाने पाहिलं. खेड्यातून येणाऱ्या नवख्यासाठी साधा मेकॅनिकल ट्रिगरच बरा.

मग येते मूठ. लाकडी मूठ हातात चपलेसारखी बसली पाहिजे, ना घट्ट ना ढिली. डावखुऱ्याला डाव्या हाताचीच मूठ लागते. वाढत्या वयाच्या मुलाला नंतर मोठी मूठ बदलता येते का, हे आधीच विचारून ठेवावं. वजनही हातात धरून पाहावं. नियमाने स्पोर्ट पिस्तूल १४०० ग्रॅमपर्यंत चालतं, पण हात सरळ ताणून तेवढं वजन साठ गोळ्या पेलायचं म्हणजे काय, हे पाच मिनिटं पाण्याची लिटरची बाटली धरून बघितलं तरी कळतं.

काही घरांत संरक्षणासाठीचं बत्तीस बोअर परवान्यावर असतं. त्याच्यावरच सराव करू, असं वाटतं. महिलांच्या २५ मीटर प्रकारात फक्त ५.६ मिलिमीटर चालतं, त्यामुळे ते बाद. शिवाय त्याची नळी आखूड, नेम धरायच्या खुणा ठोकळेबाज आणि ट्रिगर जड. ते काम वेगळं, हे वेगळं.

स्वस्त कशाला म्हणायचं

परदेशी बनावटीचं स्पर्धेचं एअर पिस्तूल लाखाच्या पुढेच जातं. स्वित्झर्लंडची मोरिनी, ऑस्ट्रियाची स्टायर, जर्मनीची वॉल्थर, इटलीची पार्दिनी ही नावं रेंजवर कानावर पडतात. सगळीच चांगली आहेत. पहिल्या वर्षी यातलं एकही विकत घ्यायची गरज नसते. क्लबचं पिस्तूल वापरून सहा महिने मुलाचा ओढा टिकतो का ते बघावं. पुण्यात बालेवाडीला आणि मुंबईत वरळीला जुन्या, नावाजलेल्या रेंज आहेत. जिल्ह्यातल्या रेंजची माहिती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळते.

चालू खर्च वेगळाच. ५०० छर्ऱ्यांचा डबा रोज ८० मारले तर सहा दिवसांत संपतो. छर्रा सपाट तोंडाचा घ्यावा, कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं. पॉइंट टू टूचं काडतूस त्याहून कितीतरी महाग पडतं आणि किती घ्यायची याची मर्यादा परवान्यावर लिहिलेली असते. पिस्तुलालाही आवडनिवड असते. एका कंपनीच्या काडतुसावर सुरळीत चालणारं दुसरीच्या काडतुसावर अडकतं. म्हणून घेण्याआधी त्याच काडतुसाच्या किमान पन्नास गोळ्या रेंजवर मारून पाहाव्यात. एकदा जरी अडकलं तरी कारण विचारावं. वेगवान काडतुसं टाळावीत, लक्ष्याच्या खेळाला 'स्टँडर्ड' वेगाचीच लागतात.

जुनं घेताना

बहुतेक घरांना परवडतं ते जुनंच. हवेच्या सिलिंडरवर तयार झाल्याची तारीख कोरलेली असते. साधारण दहा वर्षांनंतर तो स्पर्धेत नाकारला जातो, आणि नवा सिलिंडर काही फुकट मिळत नाही. तारीख न बघता सौदा करू नये. त्यात हवा भरायला २०० बारच्या आसपास दाब लागतो. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर त्याच्या जवळपासही जात नाही. खास हातपंप किंवा रेंजवरचा मोठा सिलिंडर लागतो. वेल्डिंगवाल्याकडून ऑक्सिजन भरून आणायचा उपद्व्याप कुणी करू नये. तेलाच्या अंशाशी ऑक्सिजन आला की स्फोट होतो.

जुनं पॉइंट टू टू घ्यायचं तर देणारा आणि घेणारा, दोघांकडेही परवाना हवा. विक्रीची नोंद आणि पिस्तुलावरचा नंबर जुळला पाहिजे. परवान्याचा अर्ज ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयात, पोलिस आयुक्तालय असलेल्या शहरात आयुक्तांकडे जातो. पोलिस पडताळणी होते, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. अर्जात खेळासाठी असं स्पष्ट लिहून क्लबच्या सदस्यत्वाचा आणि स्पर्धेतल्या गुणांचा कागद जोडावा. यात महिने जातात. त्या काळात कुणी 'पाहुण्याकडून गावठी मिळवून देतो' म्हणाला, तर विनापरवाना शस्त्रासाठी शस्त्र कायद्यात तुरुंगवास आहे, आणि तशा कट्ट्याची नळी हातातच फुटायची भीती वेगळी.

परवाना येईपर्यंत सराव थांबवायची गरज नसते. रिकामं एअर पिस्तूल घेऊन, दोनदा तपासून, घरच्या पांढऱ्या भिंतीकडे नेम धरायचा आणि नुसता ट्रिगर ओढायचा. ऑलिम्पिकवाले खेळाडूही हे रोज करतात. पुढची खूण भिंतीवर हलली की चूक कुठे होते ते दिसतं. छर्रा लागत नाही, पैसा लागत नाही. पॉइंट टू टूवर मात्र हा सराव नकली काडतूस घालूनच करावा, नाहीतर आतल्या पिनेचा आणि नळीच्या कडेचा सत्यानाश होतो.